आत काही राहिलेलं नाही

दाराशेजारच्या खिळ्यावर चाकू नव्हता.

तसं बघायला गेलं तर सगळं पहाटेच सुरू झालं होतं, पण झाकणकाकाला ते कळलं दुपारी, तीनला दहा कमी असताना. तो नुकताच कामावरून आला होता. बूट काढले, घोटभर पाणी प्यायला, तोच आईनं नेहमीप्रमाणे गोळ्यांची पट्टी पुढे केली. "अरे, एवढी फोडून दे बाबा. कसल्या मेल्या चिवट पट्ट्या करतात आताशा. म्हाताऱ्या माणसानं गोळी खायची का नखं मोडून घ्यायची?" झाकणकाका हसला, न बघताच खिळ्याकडे हात नेला, आणि हात रिकामा परत आला. मग त्यानं पँटचा उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. मागचे दोन्ही चाचपले. आणि त्याला भिंत धरावी लागली.

तुम्ही म्हणाल, चाकू हरवला म्हणून कुणी भिंत धरतं का? जरा थांबा, सांगतो.

हा चाकू म्हणजे बोटभर लांबीची लाल मूठ आणि तिच्या पोटात घडी घालून ठेवलेली बारा अवजारं. दोन पाती, एक कात्री, इवलीशी पक्कड, दोन पेचकस, चिमटा, कानस, डबा उघडायचा आकडा, आणि बाकीची अशी की ती कशासाठी आहेत ते एकोणीस वर्षांत घरात कुणाला कळलेलं नाही. आईच्या चष्म्याचा स्क्रू महिन्यातून दोनदा सुटायचा, तो या चाकूनं बसायचा. पोरीच्या सायकलची चेन, शेगडीचं फिरेनासं झालेलं बटण, पार्सलच्या चिकटपट्ट्या, पेन्सिली, बोटात गेलेली कुसळं, सगळं याच्याच नावावर. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या पंजात काच घुसली तेव्हा मालक डॉक्टरला शोधत बसला आणि झाकणकाका चिमट्यानं काच काढून मोकळा झाला. बायको तर चाकूला सवतच म्हणायची. "घरात मी एक आणि ही एक," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आणि खरं सांगू का, हिच्यावाचून माझंही पान हलत नाही."

पण या सवतीला एक नियम होता. संध्याकाळी खिशात, दिवसा खिळ्यावर. कामावर तिला न्यायची नाही म्हणजे नाही.

कारण झाकणकाका विमानं दुरुस्त करतात त्या हँगरमध्ये इन्स्पेक्टर होता. विमानाच्या पोटात, पंखात, शेपटीत मेकॅनिक लोक कामं करतात आणि शेवटी झाकण लावतात. ते लावायच्या आधी हा आत शिरायचा, टॉर्चच्या उजेडात कोपरान् कोपरा बघायचा, बाहेर येऊन कागदावर लिहायचा, 'आत काही राहिलेलं नाही', खाली सही करायचा आणि आपला सतरा नंबरचा शिक्का मारायचा. तोवर कुणाची टाप नव्हती झाकणाला हात लावायची. म्हणून सगळे त्याला झाकणकाका म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि आता तर पगाराचे कागद देणारी बाईसुद्धा म्हणायची.

तिथली शिस्तच तशी. टूल रूममध्ये प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच. हत्यार न्यायचं तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खाचेवर टांगायचा, परत केलं की बिल्ला काढून घ्यायचा. पाळी संपताना एखादी जरी खाच रिकामी दिसली तर विमान जागचं हलत नाही, मग आत खुद्द मालकाची सासू का बसलेली असेना. विसरलेला एक पाना विमान पाडू शकतो, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. झाकणकाका ते सव्वीस वर्षं इतरांना शिकवत आला होता.

घरच्या चाकूला मात्र ना खाच होती, ना बिल्ला. तो आत राहिला, तर रिकामं काहीच दिसणार नव्हतं.

"अहो, काय झालं? पांढरेफटक पडलात," बायको आतून येत म्हणाली.

"चाकू बघितलास?"

"तुमचा तुम्हालाच ठाऊक. सकाळी आईंचा चष्मा नीट करत होतात ना तुम्ही?"

खरंच की! पहाटे सव्वापाचला, निघायच्या घाईत, आईच्या चष्म्याची दांडी हातात आली होती. उभ्याउभ्या स्क्रू पिळला, खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता, आणि चाकू खिळ्यावर जायच्या ऐवजी खिशात गेला. गेटवरचं यंत्र पिंपिं वाजलं, पण तिथं सगळ्यांच्याच बुटांना पुढं लोखंडी टोपी, ते सगळ्यांनाच वाजतं. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. सव्वीस वर्षांच्या माणसाची झडती कोण घेणार?

झाकणकाका मटकन खुर्चीत बसला. पुढचं त्याला आठवायचं नव्हतं, पण आता ते आपोआप दिसायला लागलं होतं.

साडेअकराला तो छोट्या विमानाच्या शेपटीत पालथा पडला होता. त्या शेपटीतून पोलादी तारा जातात. वैमानिकानं दांडा ओढला की त्या तारा चाकांवरून सरकतात, शेपटीचं पान हलतं आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. तारांचं काम छान झालं होतं. फक्त बाजूची वायर ज्या प्लॅस्टिकच्या केबल टायनं बांधली होती, त्या टायचं टोक कापायचं राहिलं होतं. बोटाच्या पेराएवढं, टोकदार. आज ना उद्या वायर घासली असती. नियमाप्रमाणे त्यानं बाहेर यायचं, मेकॅनिकला सांगायचं, मेकॅनिकनं टूल रूममध्ये जायचं, बिल्ला टांगायचा, कटर आणायचा. अर्धा तास तर सहज. आणि तेव्हाच मांडीला काहीतरी टोचलं, म्हणून त्यानं हात घातला, तर चाकू.

आधी तो दचकला. मग त्याला वाटलं, आलाच आहे तर एवढं कापून टाकू.

कापलं. कट्ट. आणि त्याच क्षणी खालून मेकॅनिकचा आवाज आला, "काका, झालं का हो?" आणि झाकणाच्या भोकातून त्याचं डोकं वर यायला लागलं. चाकू दिसू नये म्हणून झाकणकाकानं हात मागे नेला. आपण तो पत्र्याच्या आडव्या पट्टीच्या मागं सरकवला, हे त्याला लख्ख दिसत होतं. पट्टीचा गार स्पर्शसुद्धा आठवत होता. पण पुन्हा उचलला का? तेवढंच काही केल्या आठवेना. मेकॅनिकशी बोललो, टॉर्च घेतला, बाहेर आलो, टॉर्च परत केला, बिल्ला घेतला, कागद पुढे आला. 'आत काही राहिलेलं नाही.' सही. शिक्का.

"अहो, बोला ना!" बायको आता खरोखरच घाबरली होती.

त्यानं सांगितलं. चार वाक्यांत. ती ऐकता ऐकता समोर खाली जमिनीवरच बसली.

"ते विमान कधी उडणार?"

"साडेचारला."

"माणसं?"

"सत्तरच्या आसपास."

आईला कमी ऐकू यायचं. ती पट्टी हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "सापडत नसेल तर राहू दे रे," ती म्हणाली, "मी दातानं फोडते."

आता तुम्ही म्हणाल, फोन होता ना खिशात? होता. त्यानं हँगरच्या इनचार्जचा नंबर लावलाही. इनचार्ज म्हणजे यानंच हाताला धरून शिकवलेला पोरगा, आता साहेब झालेला. "बोला काका!" तो म्हणाला. झाकणकाकाला म्हणायचं होतं एक आणि तोंडातून निघालं भलतंच. "ते सकाळचं विमान... हँगरमध्येच आहे ना?"

"आहे की. का हो?"

"काही नाही. माझी पाण्याची बाटली राहिलीय लॉकरमध्ये. येतोय जरा."

"बाटलीसाठी एवढ्या लांब? काकू बाटलीवरून ओरडल्या वाटतं!" तिकडून हसण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

शरम वाटली त्याला. पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. तीन वर्षांपूर्वी एका इलेक्ट्रिशियनच्या खिशात घरचा पेचकस सापडला होता. नुसता खिशात, विमानात नव्हे. रिपोर्ट लिहिला होता झाकणकाकानं. इलेक्ट्रिशियन हात जोडून म्हणाला होता, "काका, खिशात राहिलं हो, खरंच राहिलं." आणि हा म्हणाला होता, "नियम म्हणजे नियम." संध्याकाळी त्याचा बिल्ला जमा झाला. तो आता लोकांचे पंखे दुरुस्त करत फिरतो आणि रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूनं जातो.

"गुपचूप जा," बायको हळूच म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "काहीतरी कारण काढून आत शिरा, घ्या आणि या. कुणाला कळायला नको. माणसंही वाचतील आणि तुम्हीही." तिनंच स्कूटरची किल्ली त्याच्या हातात कोंबली.

तो निघाला. आधी अंगणात, जिन्यावर, कचऱ्याच्या डब्याशी बघून घेतलं. पडलेला असला तर, ही वेडी आशा. मग रस्ता. एरवी पंचवीस मिनिटांचा. आज प्रत्येक सिग्नल याच्याशी जुनं वैर असल्यासारखा लाल. एका चौकात डोक्यावरून विमान गेलं. घड्याळ बघितलं, तीन चाळीस, म्हणजे ते नव्हे. तरी तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिला. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, इथंच मुक्काम आहे का?"

मनातल्या मनात तो एकच गोष्ट शंभरदा करत होता. भोकातून वर जायचं. डावा हात पट्टीच्या मागं. चाकू खिशात. खाली यायचं. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं हवी होती त्याला.

चारला काहीतरी कमी असताना तो हँगरमध्ये शिरला आणि जागच्या जागी थिजला. विमानाची जागा रिकामी होती. खाली तेलाचे दोन डाग आणि चाकांची खूण, बस्स.

"काम लवकर झालं ना काका," झाडू मारणारी बाई म्हणाली, "म्हणून लवकर नेलं ओढून. तुमच्यामुळंच हो, तुम्ही कुठं काही अडवलं नाही आज!"

तो धावला. चौपन्न वर्षांचं शरीर, लोखंडी टोपीचे बूट, आणि पुढं उन्हानं तापलेलं भलंमोठं काँक्रीटचं मैदान. विमान तिकडे उभं होतं, जिना लावलेला. माणसं चढत होती. एक आजी छातीशी उशी धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर जात होत्या. मागं रांग खोळंबली होती, पण कुणी काही बोलत नव्हतं.

आणि खाली कॅप्टनबाई विमानाभोवती आपली शेवटची फेरी मारत होती. तिशीची असेल नसेल. शेपटीपाशी आली की तिची सवय होती, बोटानं दोनदा टकटक करायची. तिनं टकटक केलं आणि वळून बघितलं.

"अरे काका! घरी नाही गेलात अजून? आज सही तुमचीच आहे ना?"

"हो," झाकणकाका म्हणाला.

"मग मला काय बघायचं! सगळं ठीक?"

"अगदी चोख," झाकणकाका म्हणाला.

होय, हेच म्हणाला. शिव्या द्यायच्या तर द्या त्याला, त्यानंही स्वतःला नंतर खूप दिल्या. सव्वीस वर्षांच्या सवयीनं तोंडानं आपलं आपणच उत्तर देऊन टाकलं आणि तो तिथं उभा राहून ते ऐकत राहिला. कॅप्टनबाई हसली, जिन्याकडे गेली. एक पायरी. दुसरी. वर आजी दाराशी पोचल्या होत्या आणि उशी आत न्यावी की देऊन टाकावी, यावर हवाई सुंदरीशी वाद घालत होत्या. कॅप्टनबाईचा पाय तिसऱ्या पायरीवर पडला. तिनं दांडा ओढला की आत तार सरकणार, तार चाकावर फिरणार, आणि चाकाशेजारी ते लाल मुठीचं...

"थांब पोरी!" तो ओरडला. असा ओरडला की रांगेतली माणसंही वळली. "वर जाऊ नकोस! आत माझं काहीतरी राहिलंय!"

कॅप्टनबाईनं काय, कसं, खात्री आहे का, असलं काही विचारलं नाही. नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि दाराशी उभ्या मुलीला म्हणाली, "सगळ्यांना उतरव."

मग जे व्हायचं ते झालं. माणसं उतरली, कुरकुरली, फोन लावले. आजी उतरताना याच्यासमोर थांबून म्हणाल्या, "तुम्हीच का ते? अहो, चढायला वीस मिनिटं लागली मला! आधी नाही का सांगायचं?" झाकणकाकानं मान खाली घातली.

इनचार्ज धावत आला. शेपटीखाली शिडी लागली, झाकण उघडलं. आत शिरायचं यालाच, कारण कुठं हात घातला होता ते यालाच ठाऊक. आत अंधार, गरम पत्र्याचा आणि तेलाचा वास. तो पोटावर सरकत गेला. हात पुढे करायची हिंमत होईना. नसला तर? नसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, रस्त्यावर शोधा, घरात शोधा, आणि तोवर हे विमान असंच. असला तर... असला तर मग संपलंच.

त्यानं पट्टीच्या मागं हात घातला. नव्हता.

कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. त्यानं टॉर्च तिरका केला. चाकू होता, पण पट्टीमागं नव्हता. विमान ओढून नेताना हादऱ्यानं सरकला असावा. पातं उघडंच होतं आणि मूठ तारेच्या चाकाला टेकली होती, तार आणि चाक यांच्या मधल्या फटीत एक कोपरा गेलेला. त्यानं ओढला तेव्हा किंचित जोर लावावा लागला. तेवढासा तो जोर त्याच्या हातात पुढं कितीतरी दिवस राहिला.

खाली येताच इनचार्जनं त्याला बाजूला घेतलं. बाकीचे लांब होते. चाकू बघून त्याचं तोंड उतरलं.

"काका, हे काय हो? तुम्ही?"

"मीच."

इनचार्ज क्षणभर बूट घासत उभा राहिला. "ऐका. तुम्ही 'काहीतरी' एवढंच ओरडलात. चाकू म्हणाला नाहीत. आपण टॉर्च लिहू. टॉर्चला बिल्ला आहे, फार तर तुम्हाला एक समज मिळेल. हा घाला खिशात, मी बघितला नाही."

खोटं कशाला सांगू, झाकणकाकाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पोरीचं शिक्षण, आईची औषधं, बायकोचा कापरा आवाज, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. खिसा दोन बोटांवर होता.

"टॉर्च तर मी परत केलाय," तो म्हणाला. "टूल रूमवाल्यानं मोजून घेतलाय. तसं लिहिलंस तर त्याची मोजणी खोटी ठरेल. तो बिचारा तिथं खाचा पुसत बसलाय." मग म्हणाला, "चाकू लिही. घरचा. खिशात राहिला होता."

खिशात राहिला होता. आपण कुणाचं वाक्य बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं.

इनचार्जनं हात पुढे केला. झाकणकाकानं आधी चाकू दिला. मग वरच्या खिशातून सतरा नंबरचा शिक्का काढला, त्यावरची शाई बोटानं पुसली आणि तोही दिला.

कॅप्टनबाई जवळ आली. "सापडलं ना? आता आत काही नाही ना काका?"

एवढं सगळं होऊनही ती त्यालाच विचारत होती. आणि त्याला आतून वाटत होतं की नाही, आता काही नाही, मी स्वतः बघून आलोय. शब्द जिभेवर आले होते. पण तासाभरापूर्वी हेच तोंड 'अगदी चोख' म्हणालं होतं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर उडू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी आत पाठव."

दुपारच्या पाळीचा इन्स्पेक्टर आला. त्याला लंबू म्हणत, कारण शेपटीत शिरायचं तर त्याला स्वतःच्या तीन घड्या कराव्या लागत. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. वीस मिनिटांनी आधी त्याचे बूट आले, मग गुडघे, मग तो. त्यानं मूठ उघडली. तळहातावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, टोकदार.

"हा चाकाच्या खालच्या खोबणीत होता," लंबू म्हणाला. "कुणाचा म्हणायचा?"

कापलेलं टोक. जे कापण्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, तेच उचलायचं राहिलं होतं. आणि आत्ता, हातात टॉर्च घेऊन, जिवाच्या भीतीनं डोळे फाडून बघितलं, तेव्हाही याला ते दिसलं नव्हतं, कारण तो चाकूच शोधत होता. चाकू निदान आठवला तरी होता. आईनं पट्टी पुढे केली म्हणून आठवला. हा तुकडा तर आठवलाच नव्हता, कधी आठवलाही नसता. सव्वीस वर्षं. किती झाकणं, किती सह्या. असं अजून काय काय आठवलेलं नाही?

"माझा," तो म्हणाला.

विमान सहाला उडालं, लंबूच्या सहीवर. उशीवाल्या आजी दुसऱ्यांदा जिना चढल्या. झाकणकाका गेटबाहेर स्कूटरवर बसून ऐकत होता. आवाज वर गेला, लांब गेला, विरला. तो विरल्यावरही तासभर तो तिथंच बसून होता. मग इनचार्जचा फोन आला. "उतरलं हो काका, व्यवस्थित. घरी जा आता. उद्या दहाला या, कागद करायचेत." मग त्यानं किल्ली फिरवली.

घरी बायको दारातच उभी होती. त्याचं तोंड बघून तिला कळायचं ते कळलं. "माणसं?" तिनं विचारलं. "पोचली," तो म्हणाला. तिनं डोळ्याला पदर लावला आणि पानं घ्यायला आत गेली.

आई पट्टी घेऊन तशीच बसली होती. दातानं काही फुटली नव्हती. त्यानं शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली, पट्टीचा कोपरा कापला आणि गोळी तिच्या हातावर ठेवली. तो चंदेरी कोपरा उडून कुठंतरी पडला. आई गोळी गिळून, पाणी पिऊन, पेला ठेवून बघते तर हा गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली हात फिरवतोय.

"काय शोधतोस रे?"

"तो तुकडा."

"अरे, कचरा आहे तो! उद्या निघेल झाडताना."

पण त्यानं दिवा लावला, खुर्ची बाजूला सरकवली, चटई उचलली, आणि तो सापडेपर्यंत उठला नाही.